डाव्या पायाला सुट्टी

"ऐकलंत का, कोपऱ्यावरच्या बँकवाल्यांनी गाडी आणली."

"आणली म्हणजे काय, सकाळपासून तमाशा बघतेय की मी गच्चीवरून. पेढे वाटायच्या आधी गाडी गेटातून आत जायला नको का?"

वहिनींना बातमी द्यायला जावं आणि त्यांनी ती आपल्यालाच तपशिलासकट परत द्यावी, हे आमच्या मधल्या भिंतीचं जुनं दुखणं. मी पाण्याची नळी जास्वंदीत टाकून दिली आणि विटेवर चढून उभी राहिले.

"पण ऑटोमॅटिक आहे म्हणे. मग आत का जाईना?"

"तेच तर! काकांना वाटलं, ऑटोमॅटिक म्हणजे आपण नुसतं बसायचं. आपली गल्ली काय मोती चौक आहे? सगळी घरं अजिंक्यतारा किल्ल्याच्या उतारावर. गेटाला हा एवढा रॅम्प. काकांनी रिव्हर्स टाकला, ब्रेकवरचा पाय काढला, आणि गाडी वर चढायच्या ऐवजी निघाली खाली. काकू मागं उभ्या राहून 'या, या' करतायत आणि गाडी पुढं चाललीय! मग काका घाबरून परत ब्रेक. परत रेस. परत ब्रेक. शेवटी जळका वास सुटला."

"बाई! नव्या गाडीला?"

"क्लच प्लेटचा वास तो. नवी काय आणि जुनी काय."

"पण ऑटोमॅटिकला क्लच कुठला हो?"

इथं वहिनी जरा फुलल्या. त्यांचे वडील एसटीत ड्रायव्हर. सातारा-महाबळेश्वर गाडीवर केळघर घाट चढण्या-उतरण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे गाडीच्या विषयात वहिनींना माहेरचा मान आहे आणि भाऊजींना नाही, असं त्यांचं स्वतःचं मत.

"ताई, तिथंच सगळे फसतात. क्लचचं पेडल नाही म्हणजे क्लच नाही असं नसतं. बँकवाल्यांनी घेतलीय ती एएमटी. म्हणजे गिअरबॉक्स तीच आपली साधी, हातानं गिअर टाकायची. क्लच प्लेटही तीच. फक्त आपला डावा पाय आणि डावा हात करायचे ते काम एक कॉम्प्युटर आणि दोन-चार यंत्रं करतात. म्हणून तर स्वस्त पडते. मॅन्युअलपेक्षा पन्नासेक हजारच जास्त. २०१४ साली मारुतीनं सेलेरिओत आणली, तेव्हापासून आपल्यासारख्यांच्या दारात ऑटोमॅटिक दिसायला लागली. त्याआधी ऑटोमॅटिक म्हणजे पुण्या-मुंबईच्या साहेब लोकांची गाडी."

"मग कॉम्प्युटरला रॅम्प चढता येत नाही?"

"येतो की. पण तुम्ही रेस दिलीत तर. सपाटीला ब्रेक सोडला की ती आपली हळूहळू सरकते, चढावर मात्र तेवढा जोर पुरत नाही. काही गाड्यांना हिल होल्ड असतो, तो दोन-तीन सेकंद धरून ठेवतो, तेवढ्यात ठाम रेस द्यायची. नसेल तर सरळ हँडब्रेक ओढायचा, रेस द्यायची, गाडीनं जोर धरला की हँडब्रेक सोडायचा. काकांनी काय केलं, अर्धी रेस देऊन गाडी रॅम्पवर तशीच तोलून धरली. नाक्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं तर तो काय म्हणाला सांगू? 'काका, क्लच प्लेट म्हंजी चपलंचा तळ. चालून न्हाई झिजत, फरफटून झिजतो.'"

हे वाक्य वहिनींनी मला दोनदा ऐकवलं. मीही पुढं तीन ठिकाणी आपलं म्हणून खपवलं, ते असो.

आता खरी गोष्ट अशी, की वहिनींच्या घरातही गाडीचंच चाललं होतं. जुनी गाडी काढायची हे ठरलेलं, रंग ठरलेला, हप्ता ठरलेला. घोडं अडलं होतं गिअरवर. वहिनींचा डावा गुडघा दोन वर्षं कुरकुरतोय आणि गाडी रोज चालवतात त्याच. मंडई, बँक, सासूबाईंचा दवाखाना, पोवई नाका. भाऊजी चालवतात फक्त लग्नकार्याला आणि कासला पाहुणे न्यायचे असतील तेव्हा. पण मतं कुणाची? भाऊजींची.

"कालही तेच," वहिनी आवाज खाली आणून म्हणाल्या. खाली म्हणजे घरात ऐकू जाईल एवढाच. "म्हणतात, ऑटोमॅटिक ही बायकांची गाडी. मी म्हटलं, मग चालवतंय कोण? बाईच ना? तर गप्प. मग पद्मिनी काढली."

भाऊजींची पद्मिनी गल्लीला तोंडपाठ आहे. त्यांचे चुलते मुंबईत टॅक्सीवर होते, त्यांच्या प्रीमियर पद्मिनीवर हे गाडी शिकले. तिचा गिअर खाली नाही, स्टिअरिंगच्या दांड्याला. तो टाकायला मनगटात जोर आणि नशिबात गिअर लागतो. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून निघाली, तेव्हा भाऊजी दिवसभर कुणाशी नीट बोलले नव्हते.

"आणि ॲव्हरेज?" मी म्हटलं. "ऑटोमॅटिक पेट्रोल फार पिते म्हणतात."

"हा दुसरा मुद्दा ह्यांचा! मी कागदच पुढं ठेवला. २०२४ ची नवी स्विफ्ट घ्या. मॅन्युअलला लिटरमागं २४.८० किलोमीटर आणि एएमटीला २५.७५. ऑटोमॅटिकला जास्त!"

"असं कसं?"

"कॉम्प्युटर आळस करत नाही ना. वरचा गिअर वेळेवर टाकतो. आमचे हे तिसऱ्यातच गाडी ओरडवत नेतात आणि वर म्हणतात, पिकअप बघ. आता ते आकडे प्रयोगशाळेतले, रस्त्यावर तेवढं काही पडत नाही, पण पडत नाही ते दोघींनाही पडत नाही. पेट्रोल पिणाऱ्या त्या जुन्या ऑटोमॅटिक. ती बदनामी अजून चालू आहे."

तेवढ्यात भाऊजी पेपर घेऊन ओट्यावर आले. वहिनी लगेच मिरच्यांच्या भावावर गेल्या. ते आत वळले तसा विषय पुन्हा जागेवर आला.

"पण ताई, एएमटीतही खोड आहे. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मान डोलते. आपण होकार दिल्यासारखी. कारण क्लच एकच. तो सुटणार, गिअर बदलणार, पुन्हा धरणार. तेवढा वेळ गाडी अधांतरी. सवय झाली की आपणच त्या क्षणी रेस जरा हलकी करतो, मग कळत नाही. सासूबाईंना मात्र कळेल. त्यांना मागच्या सीटवर बसून कळत नाही असं काही नाहीच."

"मग आपल्या डॉक्टरांच्या गाडीची मान नाही हो डोलत. मी बसलेय."

"डॉक्टरांची वेगळी. तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेल. इंजिनाकडचा पंखा ते तेल ढकलतो, त्या जोरावर समोरचा पंखा फिरतो. घासत बसणारी क्लच प्लेट मध्ये नाहीच, म्हणून चढावर क्षणभर तोलून धरली तरी काही जळत नाही. ब्रेक सोडला की रॅम्पवरसुद्धा बरीच धरून राहते. अमेरिकेत असल्या गाड्या १९४० च्या दशकापासून आहेत. पण पैसे! लाखाच्या वर फरक, कधी त्याहून जास्त."

"आणि ते तुमचे चिरंजीव काय म्हणत होते, सीव्हीटी?"

"त्यात गिअरच नसतात. दोन पुल्या आणि मध्ये पोलादी पट्टा. पुल्या लहान-मोठ्या होत राहतात. मोती चौकातल्या गर्दीत लोण्यासारखी चालते म्हणे. पण घाटात जोरात रेस दिली की आधी इंजिन टाहो फोडतं आणि मग मागून गाडी निघते. यवतेश्वर चढताना तो आवाज ऐकवत नाही. आणि ड्युअल क्लच म्हणून एक आहे, एक क्लच एक-तीन-पाचला, दुसरा दोन-चार-सहाला. गिअर कधी बदलला कळतच नाही. हायवेला राणी. पण मुंगीच्या पावलानं सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये काहींचे क्लच तापतात, आणि दुरुस्तीचं बिल बघून आपण तापतो. मला नको ते."

"आणि ती मधली? क्लच नाही, पण गिअर हातानं?"

"आयएमटी. ह्युंदाईनं २०२० साली व्हेन्यूत आणली. ह्यांना तीच चालेल म्हणे. म्हणजे गुडघा माझा वाचला आणि अब्रू ह्यांची!"

आम्ही दोघीही एवढ्या हसलो की बँकवाल्यांच्या काकूंनी खिडकी उघडून बघितलं. वहिनींनी त्यांना गोड आवाजात 'अभिनंदन हं' म्हटलं.

माझ्या पोटात मात्र एक शंका होती. मागच्या दिवाळीत आमची गाडी ऐन पाडव्याला बंद पडली. बॅटरी उतरलेली. गल्लीतल्या पोरांनी उतारावरून धक्का दिला, ह्यांनी दुसऱ्यात टाकून क्लच सोडला आणि गाडी धडधडून चालू. ऑटोमॅटिकला असं करता येतं?

"नाही. विसरायचं. तेलवाल्यांना तर नाहीच नाही, आणि एएमटीला क्लच दाबायलाच बॅटरी लागते. डिकीत जंपर केबल ठेवायची, दुसऱ्याच्या बॅटरीवरून करंट घ्यायचा. आणि बंद पडलेली ऑटोमॅटिक दोरानं ओढत न्यायची नाही, उचलून गाडीवर टाकून न्यायची. हे शोरूमवाले सांगत नाहीत. त्यांना फक्त सनरूफ सांगता येतं."

"आणि घाट उतरताना? यवतेश्वरावरून?"

वहिनींचा चेहरा बदलला. हा वडिलांचा प्रांत.

"बाबा म्हणायचे, ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. गाडी इंजिनानं धरायची, ब्रेकनं नाही. आता डी मध्ये टाकून उतरायला लागलात की काय होतं, तुम्ही रेस सोडली, कॉम्प्युटरला वाटतं आराम चाललाय, तो टाकतो वरचा गिअर. गाडी सुटते. मग माणूस ब्रेकवर पाय ठेवून खालपर्यंत येतो. खाली आल्यावर ब्रेक तापून वास मारतात आणि पुढं पुढं धरतच नाहीत. म्हणून घाटात एम मध्ये घ्यायचं आणि दुसरा-तिसरा आपण ठरवायचा. कुठं एल असतो, कुठं एस. ती सोय बहुतेक ऑटोमॅटिकना असते, पण वापरतो कोण? आणि पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकून उतरणारे तर... बाबांनी कंडक्टरसमोर खाली उतरवला असता."

मी म्हटलं, माझी भाची लंडनला आहे, तिनं ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली. पास झाली. पण तिकडं लायसन्सवर तसं लिहून येतं. आता मॅन्युअल चालवायची तर परत परीक्षा.

"मग? तिला कुठं केळघर उतरायचाय?" वहिनी म्हणाल्या. "पण माझ्या मुलीला मी मॅन्युअलवरच शिकवली, आणि सूनबाई आली तर तिलाही तसंच शिकवीन. क्लच कळला की गाडी कळते. कळल्यावर मग पायाला त्रास कशाला द्यायचा? आईनं पाट्यावर चटणी वाटली म्हणून मी मिक्सर घ्यायचा नाही असं कुठं आहे?"

"आणि भाऊजींना हायवेला हातानं गिअर टाकायची हौस?"

"एम मध्ये टाकून बसू देत की. अधिक-उणे करत राहू देत खंबाटकीपर्यंत. पण एक त्यांना बजावलंय, डावा पाय बांधून ठेवायचा. क्लच समजून जोरात दाबायला जातात आणि तिथं असतो ब्रेक. मागचा येऊन आदळतो. दोन्ही पेडलं उजव्या पायानंच."

म्हणजे ठरलं तर. मी विचारलं, कुठली? एएमटी की लाखाची?

"तेच तर बघायचंय. काल शोरूममधला मुलगा म्हणाला, मॅडम, टेस्ट ड्राइव्ह हायवेच्या सर्व्हिस रोडला, सपाट रस्ता, मस्त कल्पना येईल. मी म्हटलं, बाळा, सपाट रस्ता मला रोज लागत नाही, रॅम्प लागतो. गाडी माझ्या गेटाशी आण. मी रिव्हर्सनं आत घेणार, मध्ये थांबवणार, परत निघणार. तसं तीनदा. वास आला तर गाडी तुमची, नाही आला तर माझी. तो म्हणाला, साहेबांना विचारून सांगतो. संध्याकाळी फोन आला, रविवारी अकरा वाजता दोन्ही गाड्या घेऊन येतो."

"अगंबाई! दोन्ही?"

"दोन्ही. आता तुमचं काम ऐका. साडेदहाला तुमच्या ह्यांना पाठवा आमच्या ह्यांना बोलवायला. बुद्धिबळ, चहा, काहीही. बारापर्यंत ते तुमच्या घरातून बाहेर दिसले नाही पाहिजेत."

"आणि विचारलं तर?"

"तर पद्मिनीचा विषय काढायचा."