बारावा गडी रांगेत

मरोळ परिसरातल्या एका महाविद्यालयाने आपल्या संघाच्या फुटबॉल सामन्याला विद्यार्थ्यांसाठी तिकीट लावलं आहे. महाविद्यालयाचं नाव सांगत नाही. आमच्या सोसायटीतली निम्मी मुलं तिथे शिकतात आणि उरलेल्या निम्म्यांचे आईबाप प्रवेशासाठी तिथल्या ट्रस्टींच्या मागे आहेत. माझ्यामुळे कुणाचं वर्ष वाया जायला नको. तिकीट फुकट आहे. ते मिळवायला फक्त बोनाफाइड, आयकार्डाची झेरॉक्स, फी भरल्याची पावती, पालकांचं संमतीपत्र आणि ऑनलाइन फॉर्म भरल्याचा स्क्रीनशॉट लागतो. स्क्रीनशॉट छापील हवा.

गेल्या वर्षी याच आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत याच संघाच्या सामन्याला गोलकीपरची आई, तिला सोबत म्हणून आलेली मावशी, पालिकेच्या मैदानाचा वॉचमन आणि एक कुत्रा एवढे प्रेक्षक होते. कुत्रा हाफटाइमला उठून गेला. तेव्हा एवढ्या अलोट गर्दीचं नियोजन करायला हवं, हे संस्थेच्या लक्षात आलं ते एका ट्रस्टींमुळे. ट्रस्टीसाहेब लेकीच्या बाळंतपणाला सहा महिने अमेरिकेत होते. नातवाला पाळण्यात घालून झालं, आता सासऱ्यांचं काय करायचं म्हणून जावयाने त्यांना कॉलेजच्या फुटबॉल मॅचला नेलं. साहेब परत आले ते तिकीटपद्धती घेऊनच.

अमेरिकेत फुटबॉल हा मुख्यतः हाताने खेळायचा खेळ आहे, हे एकदा पचवलं की बाकीचं समजायला सोपं जातं. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या काइल फील्डवर एक लाखाच्या वर माणूस बसतो. विद्यार्थी मात्र बसत नाहीत; ते अख्खा सामना उभे राहतात. मैदानावरच्या अकरांना गरज पडली तर आपण तयार आहोत असं दाखवायला. म्हणून त्या पोरांना तिथे 'बारावा गडी' म्हणतात. त्यांना तिकिटं सामन्याच्या आठवड्यात खिडकीवरून मिळतात, तीही ज्येष्ठतेनुसार: शेवटच्या वर्षाला सोमवारी, त्याखालच्यांना मंगळवारी, असं उतरत उतरत पहिल्या वर्षापर्यंत. मोठ्या सामन्याला पोरं खिडकीबाहेर मुक्काम ठोकतात. ज्येष्ठता आणि खिडकी हे दोन शब्द एका वाक्यात ऐकून आपल्या ट्रस्टीसाहेबांना गहिवरून आलं असणार. आपली संस्था इतकी वर्षं चुकीच्या देशात चालली, असंही वाटलं असेल.

पण त्यांचं मन खरं जडलं अलाबामा विद्यापीठावर. तिथला संघ इतका जिंकायचा, की निकाल लागल्यातच जमा आहे असं बघून पोरं अर्ध्यातूनच घरी जायची. निक सेबन नावाचे मोठे दरारा असलेले प्रशिक्षक यावर जाहीर चिडले. तेव्हा विद्यापीठाने २०१९ मध्ये एक अ‍ॅप काढलं. मोबाइल कुठे आहे यावरून मुलगा कुठे आहे ते कळायचं. मैदानात आलात तर १०० पॉइंट, चौथ्या क्वार्टरपर्यंत टिकलात तर आणखी २५०. पुढच्या महत्त्वाच्या सामन्यांची तिकिटं देताना हे पॉइंट बघायचे. थोडक्यात, जगातल्या एका नामांकित संघाच्या चाहत्यांची हजेरी घेतली जाऊ लागली. आपल्याकडे ७५ टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत, तिथे मॅचला. साहेबांना परदेशात माहेर भेटलं.

समिती नेमली गेली. तिच्यात फुटबॉल खेळलेला कुणी नव्हता, कारण तसा माणूस असला की निर्णय लांबतात. तिकीटवाटपाचं काम ऑफिसातल्या ज्या खिडकीकडे रेल्वेच्या कन्सेशनचे फॉर्म असतात तिच्याकडेच देण्यात आलं. हे मात्र समितीने डोकं वापरून केलं. मुंबईतल्या विद्यार्थ्याला तिकिटाच्या व्यवस्थेची जी काही ओळख असते ती याच खिडकीतून. खिडकीच्या आत पंखा असतो, बाहेर रांग असते. घराजवळचं स्टेशन आणि कॉलेजजवळचं स्टेशन दोन्ही बरोबर लिहिलं तरी जन्मतारखेत खाडाखोड म्हणून फॉर्म परत येतो. या खिडकीतून वर्षभरात सही-शिक्क्यासह फॉर्म मिळवलेल्या मुलाला अमेरिकेतल्या कुठल्याही विद्यापीठाने मुलाखतीशिवाय प्रवेश द्यावा.

खिडकीने पहिल्याच दिवशी विचारलं, "अंधेरी ते मैदान, की मरोळ ते मैदान?" मुलांनी सांगितलं, मैदान मरोळातच आहे. खिडकी म्हणाली, मग तिकीट कशाला हवं?

हा प्रश्न समितीपर्यंत पोहोचला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मुंबईत तिकीट हे जागेसाठी कधीच नव्हतं. १९३७ पासून चर्चगेटला ब्रेबॉर्न स्टेडियम दिमाखात उभं होतं. मालक क्रिकेट क्लब ऑफ इंडिया, सामने भरवणारी बॉम्बे क्रिकेट असोसिएशन, आणि दोघांचं भांडण कशावरून? तर असोसिएशनच्या वाट्याला किती जागा याव्यात यावरून. ते काही मिटेना. तेव्हा असोसिएशनचे अध्यक्ष आणि विधानसभेचेही अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी किलोमीटरभराच्या आतच दुसरं स्टेडियम उभं केलं, आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथे वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटीही झाली. मानपानावरून रुसून माणूस लग्नातून न जेवता जातो; इथे रुसून अख्खं स्टेडियम बांधलं.

तेच वानखेडे, २ एप्रिल २०११, विश्वचषकाची अंतिम लढत. जागा साधारण ३३ हजार. त्यातल्या आम जनतेला विक्रीसाठी ठेवल्या ४ हजार. त्यासाठी संकेतस्थळ उघडलं आणि उघडल्या उघडल्या आडवं झालं. उरलेल्या जागांवर कोण बसलं होतं, ते टीव्हीवर आपण पाहिलंच. विद्यार्थ्यांसाठी त्या मैदानाचं दार सताड उघडतं ते आयपीएलमध्ये मोसमातल्या एका सामन्याला. मुंबई इंडियन्स त्या दिवशी स्वयंसेवी संस्थांमार्फत अठरा-एकोणीस हजार मुलांना आणते; २०२३ मध्ये तर सगळ्या मुलीच होत्या. बस, जेवण, निळा टी-शर्ट, सगळं फुकट. ती मुलं पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत किंचाळतात. अलाबामावाल्यांनी हे पाहिलं असतं तर अ‍ॅपचे पैसे वाचले असते. आमच्या समितीने पाहिलं होतं, पण त्यात समितीला काही कामच नसल्यामुळे तो पर्याय बारगळला.

फुटबॉलचं म्हणाल तर मरोळकरांना त्याची ददात नाही. इथल्या गावठाणातली ईस्ट इंडियन पोरं चालायच्या आधी ड्रिबल करतात. मरोळ नाक्याला मेट्रोत बसलं की पाचवं स्टेशन आझाद नगर. उतरून थोडं चाललं की शहाजीराजे क्रीडा संकुल, ज्याला आता मुंबई फुटबॉल अरीना म्हणायचं. मुंबई सिटी एफसी २०१६ पासून तिथे खेळत आली आहे. त्यांचे वेस्ट कोस्ट ब्रिगेडवाले चाहते ढोल घेऊन ओरडत असतात. पण तिकिटांच्या बाबतीत या संघाचं नशीबही काही औरच. पहिलं आयएसएल विजेतेपद मिळालं १३ मार्च २०२१ ला, गोव्यात फातोर्ड्याला, मोहन बागानला २-१ हरवून. करोनामुळे अख्खा मोसम बंद दाराआड. मैदानात प्रेक्षक म्हणून काळं कुत्रंही नाही. समितीच्या एका सदस्याने या सामन्याचा उल्लेख 'गर्दी व्यवस्थापनाचा आदर्श' असा केल्याचं इतिवृत्तात नोंदवलेलं आहे.

आणि मग ते नेमार प्रकरण. २०२३ मध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगच्या सोडतीत मुंबई सिटीच्या गटात सौदीचा अल हिलाल आला. तेव्हा अल हिलाल म्हणजे नेमार. मरोळमध्ये अशी पोरं होती जी तोवर रविवारी आजीबरोबर सुक्या मासळीच्या बाजारातही जायला कुरकुरत. ती नेरूळला जायचे मार्ग पाठ करू लागली: मरोळ नाका ते घाटकोपर मेट्रो, घाटकोपर ते कुर्ला, कुर्ल्याहून हार्बर. तिकिटं काढली. आणि १७ ऑक्टोबरला ब्राझीलकडून उरुग्वेविरुद्ध खेळताना नेमारचा गुडघा गेला. ६ नोव्हेंबरला डी. वाय. पाटील स्टेडियमवर अल हिलाल आला, नेमार आला नाही. तरी तीस हजारांवर माणूस जमला. मुंबई सिटी २-० हरली. आमच्या मजल्यावरचा एक मुलगा पहाटे घरी पोचला तेव्हा आईने विचारलं, "दिसला का?" तो म्हणाला, "नाही, पण लाइन दिसली."

लाइनीचं मुंबईकराला वेगळंच आकर्षण आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्डप्लेची तिकिटं निघाली तेव्हा लोक रविवारी दुपारी घरच्या सोफ्यावर बसून रांगेत उभे होते, आणि आपला नंबर किती लाखांतला आहे हे एकमेकांना अभिमानाने सांगत होते. पुढे तिकिटांच्या काळ्या बाजारावरून पोलिसांनी तिकीटविक्रीच्या कंपनीला चौकशीला बोलावलं. आमच्या समितीने यातून धडा घेतला: आपल्याकडेही ऑनलाइन रांग हवी. मैदानाभोवती मिळून दोनशे माणसांची जागा. त्यातून ट्रस्टी कोटा, शिक्षक कोटा, शिक्षकेतर कोटा, माजी विद्यार्थी कोटा, टी-शर्ट पुरस्कृत करणाऱ्या कोचिंग क्लासचा कोटा आणि 'ऐनवेळी येणारे मान्यवर' कोटा वजा जाता विद्यार्थ्यांना राहिल्या चोवीस. प्रमाण वानखेडेच्याच जवळपास. म्हणजे आपण आंतरराष्ट्रीय दर्जाला पोचलो. लिंक उघडल्यावर तीन मिनिटांत हाऊसफुल्ल. ज्या मॅचला गेल्या वर्षी कुत्रा थांबला नव्हता तिचं तिकीट मिळालं नाही म्हणून मुली रडल्या. मरोळ नाक्याला एकाने चारशेला विकल्याचं ऐकलं.

सामन्याच्या दिवशी मी गेलो होतो, कोचिंग क्लासच्या कोट्यातून. गेटवर एकच स्कॅनर, म्हणजे फिजिक्स लॅबच्या असिस्टंटचा मोबाइल. त्याची काच तडकलेली. क्यूआर कोड वाचायला तो फोन आधी उन्हात धरायचा, मग सावलीत, मग मुलालाच थोडं तिरकं व्हायला सांगायचा. तरी नाही झालं की असिस्टंट कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे बोट दाखवायचा. ब्लॅक अँड व्हाइट पाच रुपये, कलर वीस. कोड काळापांढराच असतो, तरी झेरॉक्सवाला कलर घ्या म्हणत होता आणि पोरं घेत होती.

आत अलाबामाची पॉइंट पद्धत अ‍ॅपसकट चालू होती, आणि ती चालवायला एफवायबीकॉमचा एक मुलगा पुरेसा होता. त्याच्या सॅकमध्ये सगळ्या वर्गाचे फोन होते. वर्ग मॉलमध्ये, फोन मैदानात. प्रॉक्सी मारायची एवढी सोयीची पद्धत कॉलेजने स्वतःहून आजवर दिली नव्हती. मुलगा सॅक उशाशी घेऊन गाढ झोपला. दर पंधरा मिनिटांनी सॅक थरथरायची आणि पन्नासेक जणांच्या खेळावरच्या निष्ठेची नोंद व्हायची.

सामना साडेचारचा होता, तो सहाला सुरू झाला. पैकी एक तास मान्यवरांची वाट बघण्यात गेला आणि अर्धा गोलकीपरची. गोलकीपर वेळेवर आला होता, गेटवर उभा होता, पण त्याचा कोड लाल दाखवत होता. हजेरी ६१ टक्के. सकाळी सहा ते नऊ फुटबॉलचा सराव असायचा, त्यामुळे पहिली दोन लेक्चरं बुडायची. आणि ७५ टक्क्यांखालच्या विद्यार्थ्याला मैदानात सोडू नये असा अ‍ॅपलाच आदेश होता. जिमखान्याचे सर गयावया करत होते. असिस्टंट म्हणाला, मी काय करू, सिस्टीम घेत नाहीये. गोलकीपरची आई मात्र आत होती. तिला माजी विद्यार्थी कोट्यातून पास मिळाला होता.

शेवटी कबड्डीच्या संघातला एक उंच मुलगा गोलमध्ये उभा केला. पहिलाच चेंडू आला तेव्हा त्याने तो सोडून समोरच्या स्ट्रायकरचा पाय धरला. पेनल्टी. टचलाइनला खेटून मांडलेल्या सोफ्यांपैकी दोनच भरले होते. बाकीच्यांवर 'राखीव' लिहिलेले कागद बसले होते. विद्यार्थ्यांच्या चोवीस जागांवर सात विद्यार्थी आणि ती सॅक.

गर्दी होती, पण ती कंपाउंडच्या भिंतीवर. गावठाणातली पोरं, पोलीस कॅम्पातली पोरं, सीप्झची शिफ्ट सुटलेले दोघे-तिघे, डबा घेऊन थांबलेला एक रिक्षावाला. यांच्याकडे तिकीट नव्हतं, कोड नव्हता, बोनाफाइड तर नव्हतंच. ऑफसाइड झाल्याचं लाइन्समनच्या आधी त्यांना कळत होतं. आमचा लेफ्ट बॅक पुढे गेला की भिंत ओरडायची, "मागे कोण तुझा बाप थांबणार?" आणि तो खरंच मागे यायचा. दुसऱ्या हाफमध्ये गोलकीपर, म्हणजे खरा गोलकीपर, त्याच भिंतीवर चढून बसला आणि कबड्डीवाल्याला वरून सूचना देऊ लागला: पाय धरू नको, चेंडू धर. शेवटच्या वीस मिनिटांत कबड्डीवाल्याने तीन अडवले. भिंतीवरचं कुणी शेवटपर्यंत उतरलं नाही. बसायला जागा नसल्यामुळे बरेच जण तर उभेच होते.

समितीने लगेच कारवाई केली. पुढच्या सामन्याआधी भिंतीवर काचा लावायचा ठराव झाला असून, भिंतीवरून बघू इच्छिणाऱ्यांसाठी वेगळी खिडकी, दुपारी बारा ते एक, उघडावी काय यावर उपसमिती विचार करते आहे.

अहवालही आला आहे. गुळगुळीत कागदावर, रंगीत. नोंदणी शंभर टक्के, तिकिटं शंभर टक्के, चौथ्या क्वार्टरपर्यंत टिकलेले विद्यार्थी ९२ टक्के. फुटबॉलमध्ये क्वार्टर नसतात, हे कुणी बोललेलं दिसत नाही. सर्वाधिक पॉइंट मिळवल्याबद्दल एफवायबीकॉमच्या वर्गाचा वार्षिक दिनाला सत्कार आहे. स्वीकारायला कुणाला तरी पाठवा, अशी त्यांना विनंती केली आहे. सामना कोण जिंकलं ते अहवालात शोधलं, सापडलं नाही. ऑफिसात विचारलं तर खिडकी म्हणाली, स्कोअरचा रकाना पुढच्या अपडेटमध्ये येईल, तोवर भिंतीवर कुणाला तरी विचारा.