बोहारीण आणि बाण

आमच्या घरात जुना कपडा टाकला जात नाही, तो वर जातो. वर म्हणजे माळ्यावर. तिथे तो गाठोड्यात बसून बोहारणीची वाट बघतो. यंदा अशी तीन गाठोडी जमली होती आणि त्यांच्या बदल्यात जाड बुडाचं, झाकणाचं पातेलं घ्यायचं हे मी मनाशी पक्कं केलं होतं. बोहारणीशी बोलणंही झालं होतं. ती म्हणत होती, ‘‘दोन जरीच्या टाका, मग बघू.’’ मी म्हणत होते, ‘‘जरीची एकच.’’ वाटाघाटी अशा नाजूक टप्प्यावर आलेल्या असताना आमची नात मनू धनुष्य घेऊन घरी आली.

साताऱ्यात राहायचं म्हणजे हे कधीतरी होणारच होतं. ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनला आमच्या साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. कंपाऊंड धनुष्याच्या अंतिम सामन्यात पंधरा बाण, 150 पैकी 149. त्याच दिवशी ओजस देवतळे पुरुषांत पहिला आला. तो नागपूरचा, पण सराव साताऱ्यातला. त्याचे 150 पैकी 150. मनू टीव्हीसमोर नाचत होती आणि आमचे हे विचारत होते, ‘‘त्या मुलीचा एक मार्क कुठे गेला?’’ चाळीस वर्षांपूर्वी मुलाच्या गणिताच्या पेपरलाही त्यांनी हेच विचारलं होतं.

मनूचं धनुष्य बांबूचं. नवशिक्यांना त्याच्यावर हात बसवायला देतात. तिच्या तिरंदाजीच्या सरांनी सांगितलं, मोठं माणूस शेजारी असेल तरच घरी सराव करा. घरातलं रिकामं मोठं माणूस म्हणजे मी. राहता राहिलं टार्गेट. फोमचं तयार टार्गेट मिळतं, पण त्याची किंमत ऐकून ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, ‘‘बाण मारायला लागतं काय? एक पुठ्ठा टांगा.’’

टांगला. फ्रिजचा पुठ्ठा माळ्यावर होताच. दहा पावलांवरून मनूने पहिला बाण सोडला. तो पुठ्ठ्याला हाय-हॅलोही न करता आरपार गेला आणि मागच्या दगडी कुंपणावर आपटला. टोक वाकलं, पीस निघालं. दुसरा बाण मी सोडू दिला नाही.

सरांना फोन केला तेव्हा एक गोष्ट कळली, ती मला आजवर कुणी सांगितली नव्हती. बाण अडवायचा नसतो, घासायला लावायचा असतो. भिंतीला आपटून थांबतो तो बाण गेलाच म्हणायचा. पुठ्ठाच वापरायचा तर त्याच्या पट्ट्या कापून एकावर एक रचायच्या, करकचून आवळायच्या आणि कडांची बाजू समोर ठेवायची, म्हणजे बाण दोन पट्ट्यांच्या मधून शिरतो आणि दोन्ही अंगांनी घासत घासत दमतो. गर्दीच्या एस.टी.त मागून पुढे जाणाऱ्या माणसाचं जे होतं तेच. पण आवळायच्या फळ्या, सळया, नटबोल्ट हे सगळं ह्यांच्या खात्यात येतं, आणि ह्यांच्या खात्यातलं काम म्हणजे दिवाळीनंतर बघू.

मग मी गावाकडून भाताचा पेंढा मागवला. पूर्वी गवताचे दोर वळून, त्यांची वेटोळी शिवून टार्गेट करायचे, असंही सरांनी सांगितलं होतं. मी शिवलं नाही, नुसत्या पेंढ्या गच्च बांधून उभ्या केल्या. बाण सुरेख रुतत होते. दोन दिवस मी स्वतःवर फार खूश होते. तिसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या गवळ्याची म्हैस फाटकातून आत आली आणि आमचं टार्गेट खाऊन गेली. तिचा दोष नाही. तिला काय दिसलं? पेंढा दिसला. द्रोणाचार्यांनी तिला विचारलं असतं तर तिनेही अर्जुनासारखंच उत्तर दिलं असतं.

द्रोणाचार्यांवरून आठवलं. ती परीक्षेची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. झाडावरचा पोपट, त्याचा डोळा, अर्जुनाची एकाग्रता. पण महाभारतात तो पक्षी खरा नाही. द्रोणांनी तो कारागिरांकडून करवून घेऊन झाडाच्या शेंड्यावर बसवला होता. म्हणजे कुणीतरी बसून तो कोरला असणार, रंगवला असणार, चोच नीट झाली का ते लांबून बघितलं असणार. अर्जुनाने एका बाणात त्याचं मुंडकं उडवलं, द्रोणांनी अर्जुनाला मिठी मारली आणि कारागिराचं नाव कुणी विचारलं नाही. इतकी वर्षं मीही विचारलं नव्हतं. म्हशीने टार्गेट खाल्ल्यावर मात्र मला त्या माणसाबद्दल एकदम आपलेपणा वाटायला लागला.

शेवटी नजर माळ्यावर गेली. जुने कपडे पोत्यात ठासून भरले की उत्तम टार्गेट होतं, असं सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ते मुद्दाम ऐकलं नव्हतं. पातेलं डोळ्यांसमोर होतं.

गाठोडी सोडली. नियम एकच, आत टणक काही जाता कामा नये. बटण, हुक, चेन, बक्कल, काहीही. बाणाचं टोक त्याच्यावर आपटलं तर बिघडतं, नाहीतर उलटून येतं. दोन दुपारी मी आणि सूनबाई कात्री घेऊन बसलो. हॉर्लिक्सची बरणी बटणांनी भरली. ह्यांच्या एका पँटच्या चोरखिशात पंचवीस पैशांचं नाणं निघालं. पंचवीस पैसे 2011 सालीच चलनातून गेले. ह्यांनी ते हातात घेऊन, ‘‘बघ, मी म्हणत होतो ना माझे पैसे जातात कुठे,’’ असं म्हणून खिशात टाकलं.

मुलाचा शाळेचा गणवेश गेला, नायलॉनच्या साड्या गेल्या, जोडीदार हरवलेले मोजे गेले. ह्यांचा राखाडी सफारी निघाला तेव्हा मात्र खोलीत शांतता पसरली. तो त्यांनी मुलाच्या मुंजीत शिवला होता आणि मुलीच्या लग्नात घातला होता. त्यानंतर तो लहान झाला. ‘‘घाल,’’ म्हणाले, ‘‘पण अगदी खाली घाल. बाण लागणार नाही असा.’’ मी मान डोलावली.

आईचं एक लुगडं होतं. मऊ झालेलं, जांभळं. ते मी दोनदा पोत्यात घातलं आणि दोनदा बाहेर काढलं. आई असती तर तिने माझ्या हातावर चापट मारून ते स्वतःच कोंबलं असतं. लुगड्याची तिने आयुष्यभर आधी गोधडी आणि मग पायपुसणंच केलं. पण ती नाही, म्हणून लुगडं राहिलं. माळ्यावर परत गेलं.

भरण्यात खरी मेख आहे. सैल भरलं तर बाण पिसांसकट आत जातो, आणि अती ठासलं तर असा रुततो की काढताना दोघांनी ओढावं लागतं. पुरणपोळीच्या कणकेचं जसं सांगता येत नाही, हाताला कळतं, तसंच हे. शिवाय कपडे हळूहळू खाली बसतात. आठवड्याने आमच्या पोत्याला मोठं पोट आलं आणि वरची छाती रिकामी झाली. सफारी शेवटी घालायचे तेव्हा हेही असेच दिसायचे. मग मी गादीवाल्याचं बघून ठेवलेलं काम केलं. दाभण आणि सुतळी घेऊन पोत्याला आरपार टाके घातले, गादीला असतात तसे. पोट आत गेलं.

राहिले रंग. मधून बाहेर पिवळा, लाल, निळा, काळा, पांढरा. तयार छापील कागद मिळतो, पण एवढं केल्यावर कागद विकत आणायचा म्हणजे अपमान. चाळीस सेंटिमीटरचं टार्गेट असेल तर रंगांची वर्तुळं 8, 16, 24, 32 आणि 40 सेंटिमीटरची. मी टेप घेऊन स्वयंपाकघरात गेले. आमटीची वाटी बरोबर आठ भरली. बाकीची ताटल्या, ताटं आणि पराती मांडून जमवली. वाटी हातात असताना लक्षात आलं की जगज्जेतेपदाच्या सामन्यात पन्नास मीटरवरचा दहाचा गोल एवढाच असतो, आठ सेंटिमीटर. अदितीने पंधरा बाणांत फक्त एकदा वाटी चुकवली. मी ह्यांना वाटी दाखवली. त्यानंतर त्यांनी त्या एका मार्काचा विषय काढलेला नाही.

रंगही घरचेच. हळद, कुंकू, नीळ, काजळ, चुना. जुन्या चादरीच्या तुकड्यावर आधी सगळीकडे चुन्याचा हात मारला, वाळू दिला आणि मधल्या गोलात भिजवलेली हळद भरली. ती माझ्या डोळ्यांदेखत लाल झाली. साठ वर्षं हळदीकुंकू करणाऱ्या बाईला हे आधी आठवू नये? हळदीला चुना लागला की ती लाल होते. कुंकू त्यावरच तर व्हायचं. सूनबाई हसली नाही, पण तिने फोटो काढला.

मग कपाटातून एक पिवळा ब्लाऊजपीस काढला. तो मला गेल्या संक्रांतीला मिळाला होता. कोपऱ्यावरचा शाईचा ठिपका बघून मी ओळखला, चार वर्षांपूर्वी मीच तो दुसरीकडे दिला होता. इतकी घरं फिरून आलेल्या कापडाला आता विश्रांती मिळावी म्हणून त्याचा वाटीएवढा गोल कापून मधोमध शिवला.

आता रोज संध्याकाळी परसात सराव असतो. पोतं पेरूच्या झाडाला, मागे जुनी सतरंजी सैल लोंबती सोडलेली. चुकलेला बाण त्या सतरंजीत थकतो. बाण काढताना मनू एक हात पोत्यावर दाबून धरते, दुसऱ्याने बाण मुळाशी पकडून सरळ ओढते, आणि तिच्या मागे मी कुणाला उभं राहू देत नाही. हे खुर्ची टाकून बसतात आणि गुण लिहितात.

गेल्या मंगळवारी बोहारीण आली. तिने पोत्याभोवती एक फेरी मारली, अनुभवी हाताने दाबून बघितलं आणि म्हणाली, ‘‘ताई, ह्यात झाकणाची दोन पातेली होती.’’ मी तिला चहा दिला.

पिवळ्या गोलाला आजपर्यंत नऊ भोकं पडली आहेत. प्रत्येक वेळी सगळ्यात जोरात टाळ्या ह्यांच्याच असतात. सफारी बरोबर त्याच गोलाच्या मागे आहे, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.