अठ्ठावीस दिवसांचा मान

फेब्रुवारी लागला की अमेरिकेतल्या ऑफिसांना कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा उमाळा येतो. लिफ्टशेजारी मार्टिन ल्यूथर किंग यांचं पोस्टर, कॅन्टीनमध्ये तळलेलं चिकन (हा मान की टोमणा, हे विचारायचं नाही), आणि सगळ्याची जबाबदारी कुणावर? मजल्यावरच्या एकुलत्या एका कृष्णवर्णीय बाईंवर. आपलं काम सांभाळून, फुकटात. कोळशाच्या खाणीत राबून पुढे हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणाऱ्या कार्टर वुडसन यांनी १९२६ साली हा इतिहास-सप्ताह सुरू केला. लिंकन आणि फ्रेडरिक डग्लस यांच्या जयंत्या फेब्रुवारीत, म्हणून तेव्हा. १९७६ मध्ये सप्ताहाचा महिना झाला, तोही नेमका सर्वांत आखूड. बढत्यांची यादी मार्चमध्ये लागते. बाईंचं नाव तीत नसतं. पोस्टर तोवर उतरलेलं असतं.