तारेवरची भाऊबंदकी

आमच्या लांजीच्या घरात फोनची तार कधी कुणी काढली नाही; फक्त घातली. लांजीच्या किल्ल्यावर कलचुरी, गोंड, नागपूरकर भोसले असे एकामागून एक आले, तशाच आमच्या भिंतीवर तारा आल्या. फरक इतकाच, की किल्ल्यातून आधीचे निघून गेले. आमच्याकडे सगळे राज्यकर्ते एकाच वेळी नांदत होते. सर्वांत खाली आजोबांच्या काळची, लाकडी पट्टीवर ठोकलेली तार. तिच्यावर राखाडी पीळदार जोडतार. तिच्यावर ब्रॉडबँडच्या दिवसांतली पांढरी चपटी. आणि मधूनमधून, कुणी आणि का ओढली हे विचारू नये अशा काही.

आता फायबर घ्यायचं ठरलं आणि बाबांनी जाहीर केलं, ‘‘या वेळी आधीचं सगळं काढायचं.’’ आमच्या घरात एवढा क्रांतिकारक ठराव पूर्वी कधी झाला नव्हता.

मुळात फोन एकच होता. बंगळूरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा, काळाकुळकुळीत आणि चोराच्या डोक्यात घालता येईल इतका जड. तो ओसरीत, आजोबांच्या बाजेपाशी. साहजिकच घरातलं प्रत्येक बोलणं आजोबांच्या अध्यक्षतेखाली व्हायचं. याला उपाय म्हणून पॅरलल काढण्याची साथ आली. एक माजघरात, एक दुकानात, एक धाकट्या काकांच्या खोलीत. एका जोडीवर चार फोन. ओसरीतला उचलला की माजघरातलाही अलगद उचलला जायचा, मग दुकानातला. पॅरलल फोन उचलला गेला की वीज वाटली जाते आणि आवाज बारीक होतो. त्यामुळे बोलणाऱ्याला लगेच कळायचं, की आता सभागृह भरलं. उपाय एकच: आणखी मोठ्याने बोलणे.

मोठ्याने बोलण्याची सवय तशी जुनीच. 1956 च्या नोव्हेंबरात राज्यांची फेररचना झाली. भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला, लांजीचा बालाघाट जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. आत्याचं सासर भंडाऱ्यातल्या आमगावचं. म्हणजे आत्या बसने तासाभरावर होती, पण परराज्यात. तिच्याशी बोलायचं तर ट्रंककॉल. आणि आजोबांची पक्की समजूत होती, की दुसऱ्या राज्यात आवाज पोचवायचा तर जोर जास्त लागतो. 1999 साली आमगाव भंडाऱ्यातून निघून नव्या गोंदिया जिल्ह्यात गेलं, तेव्हा गोंदिया जवळचं म्हणून ते आवाज थोडा कमी करतील अशी आम्हाला आशा होती. ती फोल ठरली.

पुढे एसटीडी आली आणि आजोबांनी डायलला कुलूप घातलं. किल्ली जानव्याला. पण डायल म्हणजे तरी काय? एक फिरवला की लाईन एकदा तुटते, पाच फिरवला की पाचदा, शून्याला दहादा. तेच काम रिसीव्हर ठेवायच्या खुंट्या टकटक दाबूनही होतं. हा शोध घरात लग्न ठरलेल्या धाकट्या काकांनी लावला. वाग्दत्त वधू गोंदियाची. एसटीडी म्हणजे सुरुवातीलाच शून्य, म्हणजे सलामीलाच दहा टकटकी, आणि मधे हात चुकला की पुन्हा पहिल्यापासून. रात्री दर उतरल्यावर ओसरीत सुतारपक्षी बसल्यासारखा आवाज यायचा. काकांचं प्रेम खरं होतं यात मला शंका नाही. एवढी मेहनत खोट्या प्रेमाला झेपत नाही.

याच काकांनी एकदा आम्हा मुलांना विज्ञान शिकवलं. फोनच्या तारेत करंट नसतो, असं सांगून त्यांनी सोललेली दोन टोकं चिमटीत धरली. एरवी तारेत अठ्ठेचाळीस व्होल्ट असतात, कोरड्या बोटांना त्यांचा पत्ता लागत नाही. पण घंटी वाजवायला एक्स्चेंजमधून पंचाहत्तरच्या आसपास व्होल्ट येतात, तेही एसी. आत्याने नेमका तेव्हाच फोन लावला. काकांनी मारलेली उडी बघून आम्हाला विज्ञान कळलं. वर आत्याची तक्रार राहिली ती राहिलीच, की फोन कुणी उचलला नाही.

तर परवा फायबर घालणारा पोरगा आला. कानावर पेन्सिल, पाठीवर केबलचं भेंडोळं. तो भिंतीकडे बघत बराच वेळ उभा राहिला. पुरातत्त्व खात्याची परवानगी लागेल का, असा भाव त्याच्या तोंडावर होता. मग त्याने एकेक जोड उघडायला सुरुवात केली. कुठे चिकटपट्टी, कुठे जखमेला लावायची पट्टी, देवघरामागच्या जोडाला तर लाल नाडा. कवेलूंखालच्या तारेवर घुशींनी आपापली नक्षी काढलेली. एक तार मात्र काही केल्या संपेना. माजघरातून ती कोठीत गेली, कोठीतून भिंतीत, आणि भिंतीतून पलीकडे.

‘‘हा तार कुठी जाते जी?’’ पोराने विचारलं.

घरात शांतता. पलीकडे धाकट्या काकांचं घर होतं. वाटणी झाली तेव्हा भांडी मोजली, शेतात मोजपट्टी फिरली, विहिरीच्या वेळा ठरल्या, चिंचेच्या फांद्यांवरून पंच बसले. मधे भिंत घातली गेली. फोनची तार वाटायची मात्र राहूनच गेली! बिल आम्ही भरलं आणि जोडणी पलीकडे चालूच.

बाबांचे डोळे चमकले. किती वर्षांचं कोडं सुटलं. आमच्या धानाचा सौदा ठरायच्या आत काकूला भाव कसा कळायचा? ताईला बघायला लोक येणार हे ताईच्या आधी काकूला कसं ठाऊक? बाबा तार हातात धरून, पुरावा घेऊन कोर्टात निघाल्यासारखे पलीकडे गेले. मागोमाग आम्ही आणि तो पोरगा.

काकूच्या अंगणात ती तार भिंतीतून बाहेर येत होती, खुंटीला वेढा घेत होती आणि तिथेच संपत होती. तिच्यावर दोडक्याचा वेल चढला होता.

‘‘फोन? तो तुमच्या काकांनी वाटणीच्या सालीच मोडीत देल्ला,’’ काकू म्हणाली. ‘‘तार मजबूत होता, मून राहू देल्ला.’’

‘‘मग आमच्या घरातलं सगळं तुला कसं कळतं?’’ बाबांनी विचारलं.

काकूने दोडका तोडला. ‘‘तुमच्या घरी हळू कोन बोलते जी?’’

तार काढायचा ठराव तेवढ्यापुरता मागे पडला. वेलाला दोडके लागलेले होते. पोराने काचेचा तो केसासारखा धागा ओसरीत आणून डब्याला जोडला. आईने विचारलं, ‘‘लाईट गेली तर?’’ पोरगा म्हणाला, डबा बंद, मग फोनही बंद. जुन्या फोनला वीज एक्स्चेंजच्या बॅटरीतून तारेवरूनच यायची. काचेतून उजेड येतो, वीज येत नाही. ‘‘म्हणजे पुऱ्या गावात अंधार असला तरी जुना वाजायचा, आणि हा नवा?’’ एवढं म्हणून आई स्वयंपाकघरात गेली. याचं उत्तर पोराच्या कंपनीने त्याला शिकवलेलं नव्हतं.

‘‘वायफायचा पासवर्ड काय ठेवू जी?’’

बाबांनी आजोबांचं नाव सांगितलं आणि पुढे 1956. पोराला नीट ऐकू आलं नसेल म्हणून, ट्रंककॉलवर नंबर सांगावा तसा, एकेक आकडा सुटा करून पुन्हा सांगितला. एक! नऊ! पाच! सहा! ओसरीतल्या चिमण्या उडाल्या.

हिरवा दिवा लागला. कुणाकुणाचे मोबाईल जोडले जातात ते दाखवायला पोराने यादी उघडली. आमच्यापैकी कुणी खिशातून मोबाईल अजून काढलाही नव्हता. यादीत एक मोबाईल होता.