चुटकीला न्याय, आईला छाट

जून २०२० च्या सुरुवातीला आपल्या जनतेने एका नऊ वर्षांच्या पोराला लग्नाच्या प्रकरणात धारेवर धरलं. पोराचं नाव छोटा भीम, राहणार ढोलकपूर. आरोप असा, की बालपणची मैत्रीण चुटकी हिला वाऱ्यावर सोडून त्याने राजकन्या इंदुमतीशी सूत जुळवलं. गरिबाची पोर टाकली आणि राजाचा जावई झाला! ‘जस्टिस फॉर चुटकी’ असा पुकारा ट्विटरभर झाला. मोठमोठी माणसं, म्हणजे मिशा फुटलेली, चुटकीच्या बाजूने हिरिरीने उतरली.

तेव्हा देशात काय चाललं होतं? करोनाची साथ होती. मध्य प्रदेशातले पहिले रुग्ण मार्चमध्ये आमच्याच जबलपुरात निघाले होते. मजूर बायकापोरांसह पायी गावाकडे निघाले होते. तीन जूनला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर चढलं. एवढ्या धामधुमीत चुटकी कुठून आली, असं कुणी विचारील. पण न्याय मागायचा तर जिथे तो मिळण्याची खात्री आहे तिथेच मागावा.

आणि मिळाला की! २००८ पासून पोगोवर भीमाला नाचवणाऱ्या हैदराबादच्या ग्रीन गोल्ड अ‍ॅनिमेशनने रीतसर खुलासा केला. भीम, चुटकी आणि इंदुमती तिघंही अजून लहान आहेत, लग्नाची बातमी खोटी आहे, लेकरांना या भानगडीत ओढू नका, असा त्याचा मथितार्थ. शारदा कायदा १९२९ सालचा. त्याला नव्वद वर्षं उलटल्यावर एका कार्टून कंपनीला जाहीर करावं लागलं की आमच्याकडे बालविवाह झालेला नाही.

हे लग्न कुणी पाहिलं होतं, हा प्रश्न विचारायचा नसतो. लग्न लागलेलंच नव्हतं. पण आपल्याकडे पत्रिका छापायच्या आधी वरातीत नाचणारे पुष्कळ.

माझी तक्रार वेगळीच आहे. भीम, चुटकी, राजू आणि जग्गू माकड ही चौकडी इतकी वर्षं एकत्र हुंदडते. चौघांतल्या तिघांच्या मैत्रीवर कुणाचा आक्षेप नाही. भीमाने राजूला फसवलं म्हणून कुणी रडलं नाही. जग्गूला न्याय द्या असं एकही माकड म्हणालं नाही. पण चुटकी मुलगी, तेव्हा तिची मैत्री ही मैत्री कशी असेल? ते आगाऊ आरक्षणच. सोसायटीच्या जिन्यात दहावीतली मुलगा-मुलगी वहीची देवाणघेवाण करताना दिसली की आपल्या मावश्यांच्या डोळ्यांत जे भाव येतात, तेच देशाच्या डोळ्यांत आले. जिन्यात म्हणतात, ‘काहीतरी आहे.’ ट्विटरवर म्हणाले, ‘काहीतरी होतं!’

बरं, प्रामाणिकपणाचा एवढाच पुळका असेल तर खटला तयार होता. चुटकीची आई टुनटुन मौसी लाडूचं दुकान चालवते. भीम तिच्या दुकानातले लाडू वर्षानुवर्षं लंपास करतो. ते खाऊन त्याला बळ येतं, त्या बळावर तो गाव वाचवतो आणि गाव टाळ्या वाजवतं. मौसी लाटणं घेऊन मागे धावते, तो विनोद. तिच्या उधारीचं काय झालं? ‘जस्टिस फॉर टुनटुन’ कुठे आहे? लेकीला सोडणारा दगाबाज, आईचा माल उडवणारा लाडका. विधवा की काय म्हणून कुणी चौकशीही केली नाही बाईची. दुकान मात्र ती एकटीच हाकताना दिसते.

आता ढोलकपूर सोडून गोहलपुरात या. हा जबलपूरचा उत्तरेकडचा भाग, दाटीचा, कष्टकऱ्यांचा. आमच्या नेपिअर टाउनातल्या मराठी मंडळींना गोहलपूर म्हटलं की फक्त ‘तिकडे जाम लागतो’ एवढंच आठवतं. मी तिथे गेलो होतो स्कूटरच्या कामाने. मेकॅनिक म्हणाला, ‘बैठो भैया, घंटा भर लगेगा.’ बसायला जागा मिळाली ती समोरच्या घराच्या ओट्यावर. दार उघडं. आत टीव्हीवर भीम, त्याच्यापुढे पोरं, आणि पोरांच्या मागे मांडीवर सूप घेऊन त्यांची आई विड्या वळत बसलेली.

विडी वळताना कधी नीट पाहिलंय? भिजवून मऊ केलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या फर्म्यावर ठेवून कात्रीने कापायचं. त्यात चिमूटभर जर्दा. दोन्ही हातांच्या बोटांत फिरवून नळी करायची, तोंड नखाने मुडपायचं, वर दोऱ्याचे वेढे. ही बाई हे सगळं पडद्यावरून नजर न काढता करत होती. मजुरी हजार विड्यांमागे. सट्टेदाराकडे, म्हणजे विडीच्या ठेकेदाराकडे, माल नेला की तो मोजतो, चाळतो, आणि ‘छाट’ काढतो. पान खराब, तोंड सैल, जाडी कमी, काहीही. छाटलेल्या विड्यांची मजुरी मिळत नाही आणि त्या विड्या परतही मिळत नाहीत, ही या धंद्यातल्या बायकांची जुनी तक्रार. सागर-दमोहपासून सिन्नर-सोलापूरपर्यंत कुठेही जाऊन विचारा. छाट विड्या पुढे कुठे जातात? त्या धुराला काही वेगळा वास येत असेल असं वाटत नाही.

तर पडद्यावर कालियाने काहीतरी लबाडी केली होती. कालिया म्हणजे त्या गावचा दांडगट. ढोलू-भोलू हे जुळे त्याचे पित्ते. मी पोरांना उगाच खोडी काढावी म्हणून विचारलं, ‘भीम भी तो चोरी करता है, लड्डू की. फिर कालिया ही बुरा क्यों?’ सातआठ वर्षांची एक मुलगी वळली. माझ्या अज्ञानाची तिला दया आली असावी. ‘भीम खाके भागता है,’ ती म्हणाली. ‘कालिया खाके बोलता है, कम थे.’

मग क्षणभर थांबून तिने निकाल पुरा केला: ‘कालिया सट्टेदार है.’

आईचा हात थांबला नाही, पण ती खुदकन हसली. एवढी नेमकी समीक्षा मी मराठी नियतकालिकांतही फारशी वाचलेली नाही. चोरी आणि खोटी मोजणी यांतला फरक कायद्यात कलमं लावून सांगतात. या पोरीने तो चार शब्दांत सांगितला. आणि चुटकीचं लग्न? त्याबद्दल विचारलं तर तिने नाक मुरडलं. ‘छी! वो तो दोस्त हैं.’

मोठ्यांचं दुसरं लाडकं गिऱ्हाईक म्हणजे जपानी ‘डोरेमॉन’ कार्टूनमधला नोबिता. आळशी, गृहपाठ न करणारा, परीक्षेत शून्य आणणारा, आणि अडचण आली की बाविसाव्या शतकातून आलेल्या डोरेमॉन बोक्याच्या पोटावरच्या खिशात हात घालायला लावणारा. बांगलादेशाने २०१३ मध्ये हिंदीतल्या डोरेमॉनवर बंदी घातली. २०१६ मध्ये पाकिस्तानच्या पंजाब विधानसभेत त्याच्याविरुद्ध ठराव दाखल झाला. त्याच वर्षी आपल्याकडूनही हा कार्यक्रम बंद करा अशी नोटीस गेली. ती कुठून निघाली म्हणता? मध्य प्रदेशातूनच, ग्वाल्हेरहून. तीन देशांचं पाण्यावर जमत नाही, सीमेवर जमत नाही, पण पोरं बिघडवणारा कोण यावर एकमत!

नोबिताची एक करामत सगळ्या पोरांना पाठ आहे. डोरेमॉन त्याला एक पाव देतो. पाव पुस्तकाच्या पानावर दाबायचा, मजकूर त्यावर उमटतो, पाव खाल्ला की मजकूर पाठ. नोबिता इतका हादडतो की पोट बिघडतं, शौचाला पळावं लागतं आणि पाठ केलेलं सगळं जातं. गैरमार्गाची शिक्षा याहून रोखठोक कुठल्या नीतिपाठात आहे?

आता आमच्या प्रांतातली खरी परीक्षा बघा. व्यापम, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशापासून सरकारी नोकरभरतीपर्यंतच्या परीक्षा घेणारं व्यावसायिक परीक्षा मंडळ. तिथे पाव लागला नाही. हुशार उमेदवार पुढे बसवायचा, त्याला म्हणायचं ‘इंजन’. पैसे भरलेले मागे, ते ‘बोगी’. इंजन लिहिणार, बोग्या ओढल्या जाणार. काही ठिकाणी तर उमेदवाराच्या जागी भलताच इसम बसलेला. प्रकरण २०१३ मध्ये फुटलं, २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते सीबीआयकडे दिलं, मधल्या काळात साक्षीदार-आरोपींचे मृत्यू मोजायची पाळी आली. मंडळाचं काय झालं? नाव बदललं. मग पुन्हा बदललं. आता ते कर्मचारी चयन मंडळ आहे. नोबिताला एवढं सुचलं नाही, नाहीतर आईने गुणपत्रिका मागितल्यावर तो म्हणाला असता, मी आता नोबिता नाही.

बोगीत बसून डॉक्टर झालेल्यांचीही मुलं असतील आता. ती डोरेमॉन बघत असतील, आणि घरात त्यांना दटावलं जात असेल, असली कार्टून बघून खोटं बोलायला शिकशील हं!

आपण मराठी माणसांनी फार फुशारू नये. श्यामची आई वाचून आपण वाढलो. त्यात श्यामसुद्धा एकदा पुस्तकांसाठी पैसे चोरतो. त्यावर आपण नोटीस पाठवली नाही, डोळे पुसले. कारण श्याम कोकणातला होता, मराठीत चोरत होता, आणि त्याची आई आपल्या आईसारखी बोलत होती. चोर घरचा असला की ती चूक असते, जपानहून आला की संस्कृतीवर घाला.

जाता जाता अमेरिकेचाही समाचार घेऊ. तिथे २०१० मध्ये ‘माय लिटल पोनी’ची नवी मालिका निघाली, मैत्री हीच जादू असं सांगणारी. सहा तट्टाण्या, प्रत्येकीकडे एकेक गुणाचं खातं. प्रामाणिकपणाचं खातं कुणाकडे? सफरचंदाची बाग कसणाऱ्या अ‍ॅपलजॅककडे. शेतकरणीकडे! आमच्या दमोह नाक्यावरच्या मंडीत हे ऐकवलं तर शेतकरी म्हणेल, बरोबर आहे, बाकीची खाती अडत्यांनी आधीच वाटून घेतली असतील. ही मालिका लहान मुलींसाठी काढलेली, पण तिच्यावर लट्टू झाले दाढीवाले बाप्ये. स्वतःला ‘ब्रोनी’ म्हणवतात, मेळावे भरवतात. लोक त्यांना हसतात. मला त्यांचं एक पटतं: निदान ते मालिका पाहून मग बोलतात.

आणखी एक कुजबुज. आपल्याकडे भीम म्हणजे शूर आणि डोरेमॉन म्हणजे पोरं बिघडवणारा, असे दोन तट पाडणारी पालकमंडळी आहेत. हिंदीत या दोघांनाही एकाच बाईने आवाज दिलेला आहे, सोनल कौशलने. एकाच कंठातून संस्कारही निघाले आणि कुसंस्कारही. कान कुणाचा आहे त्यावर ठरतं.

नोबिताची खरी गोष्ट या नोटिसा पाठवणाऱ्यांनी पाहिलेली नसते. डोरेमॉनला त्याच्या काळात परत जावं लागतं. तो नाही म्हणून काळजी नको, हे दाखवायला नोबिता रात्री एकटाच दांडगट जियानशी भिडतो. मार खातो, पडतो, उठतो, त्याचा पाय सोडत नाही; शेवटी जियानच कंटाळून हात टेकतो. डोरेमॉन जातो. मग एक एप्रिल येतो. जियान येऊन थाप मारतो, डोरेमॉन परत आलाय, मी पाहिला. नोबिता धावत सुटतो आणि फजिती कळल्यावर कोसळतो. डोरेमॉनने जाताना अडीअडचणीसाठी म्हणून एक औषध ठेवलेलं असतं: ते प्यायलं की बोलाल ते खोटं ठरतं. नोबिता ते पितो, जियानचा बदला घेतो, पण त्यात राम वाटत नाही. घरी येऊन आईला उदास होऊन सांगतो, डोरेमॉन काही येणार नाही, मी त्याच्याबरोबर पुन्हा कधीच राहणार नाही.

आणि तो आलेला असतो.

डोरेमॉनचे जनक फुजिको फुजिओ यांनी ही गोष्ट सत्तरच्या दशकात रचली; २०१४ च्या चित्रपटातही ती आहे. आमच्याकडे परवा पाहुणे आले असताना घरातल्या पोरांनी ती लावली होती. बच्चेकंपनी नाकं ओढत होती. पाहुण्यांपैकी एक निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली आणि विचारलं, ‘म्हणजे यातून मुलांनी काय बोध घ्यायचा? खोटं बोललं की मित्र परत येतो?’

कुणीच उत्तर दिलं नाही. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडे कुणी वर्गणीवाले असावेत. सर खुर्चीत मागे रेलून म्हणाले, ‘मी सध्या पुण्याला आहे हो. महिनाभर तरी परत येणार नाही.’

आमचा सहा वर्षांचा नातू टीव्ही सोडून त्यांच्याकडे बघायला लागला. त्याने सरांची कपबशी उचलली, तळाशी उरलेला चहा हुंगला आणि आजीला विचारलं, ‘यांनी पण ते औषध प्यायलंय का गं?’