लाल निघालं तर निम्मं

रांजणगावला माणसं दोन कारणांनी येतात: दर्शनाला आणि ड्यूटीला. गावात अष्टविनायकांतला महागणपती, आणि एमआयडीसीत एलजीपासून फियाटपर्यंतचे कारखाने. एलजीत टीव्ही तयार होतात. दरवर्षी आदल्या वर्षीपेक्षा पातळ. आणि मी त्याच गावात, मागं पोट सुटलेला टीव्ही शोधत फिरतो.

मला हवा आहे तो काचेच्या पिक्चर ट्यूबचा डबा टीव्ही. माळ्यावर माझा जुना व्हिडिओ गेम सापडला, तेव्हापासूनची ही बाधा. नव्वदच्या दशकात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना सांगायला नको. कॅसेटवर ‘९९९९ गेम’ असं छापलेलं, आणि आत फिरून फिरून मारिओ, काँट्रा आणि बदकं.

हा खेळ नव्या टीव्हीलाही जोडता येतो. पण नवा टीव्ही विचारी आहे. आलेलं चित्र तो आधी अडवतो, तपासतो, मोठं करतो, घासूनपुसून मग दाखवतो. सरकारी कचेरीत अर्ज मंजूर होतो, पण तोवर अर्जदार उरत नाही. तसा उडीचा हुकूम पडद्यापर्यंत पोहोचतो तेव्हा मारिओ खड्ड्यात गेलेला असतो. जुन्या ट्यूबला विचार करण्याची सवयच नाही. मागच्या गनमधून इलेक्ट्रॉनचा झोत सुटतो आणि सिग्नल येईल तसा काचेवर रेघा ओढत सुटतो, सेकंदाला साडेपंधरा हजारांच्या वर. कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन माणसानं १८९७ साली अशी पहिली नळी केली. तिच्या वंशात शंभर वर्षं कुणी मधे तोंड घातलं नाही.

बदकांची गोष्ट तर याहून पुढची. ती मारायच्या प्लास्टिकच्या बंदुकीतून काहीच सुटत नाही. बंदूक फक्त बघते. ट्रिगर दाबला की पडदा निमिषभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. तो बंदुकीच्या डोळ्याला वेळेत दिसला की बदक पडलं. एलसीडीवर चौकोन उगवतो तोवर बंदुकीनं डोळा मिटून घेतलेला असतो. त्यामुळे नव्या टीव्हीवर एकही बदक मरत नाही. अहिंसा म्हणून हे थोर आहे, पण खेळ म्हणून फार कंटाळवाणं.

कॉम्प्युटरचे जुने मॉनिटर मिळतात, बंद पडलेल्या सायबर कॅफेंतले. पण त्यांना सेकंदाला एकतीस हजारांच्या आसपास रेघा लागतात. आमच्या गेमची संथ चाल त्यांना झेपत नाही. मधे कन्व्हर्टर बसवला की बदकं पुन्हा अमर.

म्हणून मी भंगाराच्या दुकानांकडे वळलो. भंगारवाल्याला टीव्ही दिसतच नाही, तांबं दिसतं. ट्यूबच्या मानेवरचं योक आणि पडद्याभोवतीची डिगॉसिंग कॉइल काढून घेतली की उरते शिसं मिसळलेली काच, आणि ती कुणालाच नको असते. एकाला मी विचारलं, “हा चालतो का?”

“शेठ, चालत असता तर टेम्पोनं कशाला आला असता?”

आता उरली नातेवाइकांची घरं. इथं एक अफवा आडवी आली. जुन्या टीव्ही-रेडिओत म्हणे ‘रेड मर्क्युरी’ असते, लाल पारा, आणि तो कोटींत जातो. आरशात त्याचं प्रतिबिंब पडत नाही, तो सोन्याकडे धावतो आणि लसणापासून पळतो. २००९ साली सौदी अरेबियात हीच अफवा सिंगरच्या शिवणयंत्रांबद्दल उठली होती. लोक सुईजवळ मोबाइल धरून पारा शोधत होते. पिक्चर ट्यूबमध्ये शिसं असतं, बेरियम असतं. लाल पारा कुठल्याच ट्यूबमध्ये नसतो. पण ‘तुमच्याकडं जुना टीव्ही आहे का’ असं विचारणारा माणूस एक तर वेडा, नाहीतर पारेवाला. मला वेडा समजण्याइतका मोठेपणा कुणीच दाखवला नाही.

न्हावऱ्याला आत्याकडे एकवीस इंची टीव्ही आहे. त्यावर तिनंच विणलेला क्रोशाचा रुमाल, रुमालावर गणपती. इतकी वर्षं ‘ही अडगळ न्या रे कुणीतरी’ म्हणणारी आत्या, मी नेतो म्हटल्यावर खुर्ची ओढून टीव्हीच्या आडवी बसली.

“तुला कशाला रं?”

“खेळायला.”

“कितवीला हाईस आता?”

मग तिनं स्वयंपाकघरातून लसणाची पाकळी आणून टीव्हीसमोर धरली. टीव्ही पळाला नाही. तरीही तिनं अट घातलीच, “आत लाल काही निघालं तर निम्मं माझं.” आणि देखरेखीला ती स्वतः गाडीत बसली.

त्रिपुरासुराशी लढण्याआधी शंकरानं रांजणगावी गणपतीची आराधना केली, अशी कथा आहे. शेवटच्या लेव्हलच्या राक्षसाकडं तसंच जायचं नसतं, हे आमच्या गावाला व्हिडिओ गेमच्या पुष्कळ आधीपासून ठाऊक आहे. मीही नारळ फोडला आणि शिरूरच्या मेकॅनिककाकांकडे गेलो. एके काळी हे काका घरी यावेत म्हणून लोक चहा टाकून वाट बघत. हल्ली ते मोबाइलची कव्हरं विकतात.

टीव्ही लावला. पडद्याच्या मधोमध एकच आडवी रेघ. “व्हर्टिकल गेलंय,” काका खुलले. झाकण काढलं, आत धूळ, जाळी आणि पालीची अंडी. स्क्रू-ड्रायव्हरला बांधलेली वायर त्यांनी अर्थला लावली आणि त्याचं टोक ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली सारलं. चट्! टीव्ही चालू असताना तिथं वीस हजार व्होल्टच्या पुढं दाब असतो, आणि बंद केला तरी ट्यूब तो धरून बसते.

“आत काहीतरी आहे,” आत्या पुटपुटली.

काम चाललं असताना काकांचा डावा हात पँटच्या खिशात होता. जुन्या मेकॅनिकांची ही शिस्त. एकच हात आत असला की करंट छातीतून आरपार जात नाही. हे मी आत्याला समजावून सांगितलं. तिनं मान डोलावली, पण खिशावरची नजर काढली नाही.

व्हर्टिकल आयसीचे पाय ड्राय झाले होते. काकांनी टाके दिले, एक फुगलेला कंडेन्सर बदलला. रेघ उघडली, पडदा भरला, आणि पहिल्याच बटणाला मारिओनं उडी मारली. जराही उशीर नाही! फक्त त्याची लाल टोपी शेवाळी दिसत होती, विटा हिरवट, आणि सगळ्या चित्रावर निळसर झाक.

काकांनी ट्यूबच्या मानेवरच्या कार्डाशी खुडबुड करून पाहिली. “हिरवी गन आहे, निळी आहे. लाल गेली.”

आत्या खुर्चीतून उठली. “खिसा दाखवा,” ती काकांना म्हणाली.