नित्य वापरासाठी स्पोर्ट्स कार : राजोडी व परिसरासाठी मार्गदर्शिका

लायसन्स-परमिटच्या काळात, म्हणजे १९६० आणि १९७०च्या दशकांत, भारतात स्पोर्ट्स कार दुकानात मिळत नसे. ती नातेसंबंधावरून सिद्ध करावी लागे. घरच्या वापराच्या नव्या मोटारी जवळपास तीनच कारखान्यांतून येत : हिंदुस्तान मोटर्सची अॅम्बेसेडर, कुर्ल्याच्या प्रीमियरची फियाट आणि मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सची हेराल्ड. पहिल्या दोन घरंदाज. तिसरी १९६१ मध्ये आली. ती मूळची इंग्लंडच्या ट्रायम्फची, रेखाटन तुरीनच्या जोव्हान्नी मिकेलोत्तीचे, आणि तिचाच सांगाडा आखूड करून ट्रायम्फने १९६२ मध्ये स्पिटफायर ही उघडी, दोन आसनी स्पोर्ट्स कार काढली. हेराल्ड ही त्या स्पोर्ट्स कारची थोरली बहीण ठरते. धाकटीच्या कर्तबगारीवर थोरलीने मिरवायला समाजाची हरकत नसल्याने येथे हेराल्डला स्पोर्ट्स कार धरले आहे.

निवड करताना दोन दारांचीच घ्यावी. पुढे खास भारतासाठी चार दारांची हेराल्ड निघाली. ती सोयीची होती, म्हणून या मार्गदर्शिकेच्या कक्षेत येत नाही. गिअरचा दांडा पाहुण्यांना सर्वांत आधी दाखवावा. अॅम्बेसेडर आणि फियाट यांचा गिअर स्टिअरिंगपाशी, हेराल्डचा खाली जमिनीवर, आणि खेळाडूपणाचा एवढाच पुरावा डोळ्यांना दिसतो. इंजिन ९४८ सीसीचे, अश्वशक्ती पस्तिशीच्या आसपास. हा आकडा कोणी विचारल्याशिवाय सांगू नये. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, त्यामुळे गाडी चालती असताना तो टाकू गेल्यास आवाज शेजारच्या वाडीपर्यंत जातो. बैलगाडीमागे अडकल्यावर पूर्ण थांबावे आणि मग पहिला गिअर टाकावा. तेवढ्यात बैलगाडी थोडी पुढे सरकलेली असते, तिला गाठावे आणि क्रिया पुन्हा करावी.

राजोडी हे नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला समुद्रालगतचे गाव. वाटा वाड्यांमधून जातात : एका बाजूला केळी, दुसऱ्या बाजूला पानवेलींचा मांडव आणि नेमके वळणावर बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचे तळे. येथे हेराल्डचा एक गुण निर्विवाद उपयोगी पडतो. ती २५ फुटांच्या वर्तुळात वळते, म्हणजे लंडनच्या टॅक्सीला नियमाने जेवढ्यात वळावे लागते तेवढ्यातच. अॅम्बेसेडरवाल्याला जिथे मागेपुढे करत शेजाऱ्याच्या कुंपणाची माफी मागावी लागते, तिथे हेराल्डवाला एका दमात फिरतो. समोरून एसटी आल्यास या गुणाचा विशेष उपयोग होतो, कारण मागे कोणी जायचे हा प्रश्न त्या काळी चर्चेला येत नसे.

मागच्या चाकांचा विषय गंभीर आहे. ती स्विंग अॅक्सलवर, आडव्या पाट्याच्या आधाराने स्वतंत्रपणे खालीवर होतात. रिकाम्या गाडीने वळण वेगात घेतले आणि घाबरून मध्येच पाय उचलला, तर मागचा भाग वर येतो, चाके गाडीखाली दुमडू लागतात आणि गाडी आल्या दिशेला तोंड करू पाहते. इंग्लंडात यावर पुष्कळ लिहिले गेले. राजोडीत उपाय परसातच आहे. ओझ्याने मागचा भाग बसला की चाकांचे माथे आत झुकतात आणि वळणावरची पकड सुधारते, म्हणून डिकीत केळीची दोन लोंगरे कायम असू द्यावीत. राजेळी सर्वांत योग्य; पिकू लागली की उतरवून तिची सुकेळी करता येतात आणि कार्तिकातल्या निर्मळच्या जत्रेत ती विकून पेट्रोलचा खर्च काही अंशी निघतो. वेलची केळी टाळावीत. ती येताजाता खाल्ली जातात आणि कोणाच्या लक्षात येण्यापूर्वी गाडीचा तोल बिघडलेला असतो. कारखान्याने पुढे १९७२ च्या गॅझेलमध्ये स्विंग अॅक्सल काढून सरळ एकसंध अॅक्सल बसवला. लोंगरांचा उपाय मद्रासपर्यंत पोहोचला नसावा.

रोजचा प्रवास म्हणजे मुंबई, पण मुंबईला गाडी नेऊ नये. भाईंदरची खाडी रेल्वे सरळ ओलांडते. मोटारीला तिथे पूल नाही, तिला पूर्वेला महामार्ग गाठून घोडबंदरकडून वळसा घालावा लागतो. शिवाय विजेची लोकल १९३६ पासूनच विरारपर्यंत येते. तेव्हा स्पोर्ट्स कारने नालासोपारा स्टेशन गाठावे आणि तिथून इतरांप्रमाणे लोकलने जावे. पहाटेच्या गाडीने दादरला फुले न्यायची असल्यास टोपल्या मागच्या आसनावर ठेवाव्यात. माणसे मागे बसवण्यात अडचण अशी, की दारे दोनच असल्याने पुढचा उतरून आसन दुमडल्याखेरीज मागच्याला सुटका नसते. मागे आजी असतील तर त्या स्टेशन येईपर्यंत गाडीविषयीचे मत सांगत राहतात, आणि ते ऐकून घेण्याला पर्याय नसतो.

निघण्यापूर्वी दारात टांगा बोलावून ठेवावा. चोक ओढावा, स्टार्टर द्यावा, मग हँडल मारावे, मग घरातल्यांना धक्क्यासाठी हाक मारावी. गाडी सुरू झाली तरी टांगेवाल्याला काहीतरी द्यावे, कारण उद्याही त्याची गरज आहे. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल धरते. ती काढून, कोरड्या फडक्याने पुसून, चुलीच्या उबेला ठेवावी. चहाचे आधण आधी की टोपी आधी, हे ज्या त्या घराने ठरवावे.

दुरुस्तीत हेराल्डसारखी उदार मोटार क्वचितच सापडेल. तिचे बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटते, आणि पुढच्या चाकावर बसून इंजिनाचे काम करता येते. गाडीतली सर्वांत आरामशीर बैठक हीच, असे म्हणणारेही आहेत. एवढे मोठे बॉनेट उघडले की ते लांबून दिसते, आणि रस्त्याने जाणारा प्रत्येक जण कार्बोरेटरकडे बोट दाखवतो. त्यामुळे बंद पडायचेच असेल तर वस्तीपासून दूर पडावे. पुढच्या चाकांच्या खालच्या सांध्याला, म्हणजे ट्रनिअनला, ग्रीस नव्हे तर गिअरचे जाड तेल घालायचे असते. गॅरेजात मात्र दिसेल त्या निपलला ग्रीस मारण्याची परंपरा आहे. ग्रीस आत पोहोचत नाही, पाणी पोहोचते, आटे गंजतात आणि एके दिवशी चाक आडवे होते. हा प्रकार बहुधा कमी वेगात, स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असताना घडतो; म्हणजे स्टेशनबाहेर, टांगेवाल्यांच्या देखत.

समुद्रावर गाडी नेण्याचा आग्रह पाहुणे करतात. तो मानू नये. मानलाच तर सुरूच्या झाडांपाशी थांबावे. त्यापुढे वाळू. चाक रुतले तर इंजिन रेटू नये, हवा थोडी कमी करून चाकांखाली नारळाच्या झावळ्या सारायच्या. परतल्यावर बावखलाच्या गोड्या पाण्याने गाडी खालून धुवावी. हेराल्डची बॉडी सांगाड्यावर सुट्या भागांनी, बोल्टांनी जोडलेली आहे, आणि प्रत्येक जोडात खारी हवा शिरते. मग पत्रा जातो, त्याजागी लांबी भरली जाते, लांबीवर रंग चढतो, आणि काही वर्षांनी मूळची मोटार किती शिल्लक आहे हा प्रश्न मालकाने स्वतःला विचारू नये.

ही मार्गदर्शिका जुन्या दशकांपुरतीच का, याला कायदेशीर कारण आहे. २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपातली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे. अशी गाडी रस्त्यावर रोजच्या किंवा धंद्याच्या कामासाठी चालवण्यास मनाई आहे. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि देखभाल-दुरुस्ती यांसाठी ती बाहेर काढता येते. म्हणजे हेराल्डच्या मालकाचा दिनक्रम, स्टेशनची फेरी वगळता, पूर्वीप्रमाणेच चालू राहू शकतो.